हयातसिंहाच्या अंगणातली भांग

भांग म्हटलं की सपाट मुलखातल्या माणसाच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू येतं. तुमच्याही आलं असेल, येऊ द्या. डोंगरातल्या आमच्या तल्ला स्यूनी गावात तिच्या पानाला कोणी विचारत नाही. आम्ही बोरा लोक, आम्हाला तिची साल हवी. नदीकाठच्या उबदार शेतात ती दाट पेरायची, म्हणजे उजेडासाठी एकमेकींशी भांडत दोन पुरुष उंच सरळसोट वाढते. मग कापून डोहात दगडांखाली भिजत घालायची, सोलायची, आणि त्या सालीचे दोर वळायचे, पोती विणायची. माझ्या थोरल्या भावाचं, खडकसिंहाचं, सगळं आयुष्य दोर वळण्यात गेलं. तो बोलायचा इतकं कमी, की लग्नानंतर बायकोनं त्याचा आवाज ऐकला तो पहिल्या शिंकेला, असं गावात पसरलं होतं. कोणी पसरवलं ते विचारू नका. गावची पाणचक्की माझी आहे. दळण व्हायला वेळ लागतो, पाण्याच्या घरघरीत माणसाला गुंगी येते, आणि गुंगीत तो जे बोलतो ते वाया घालवणं मला जमत नाही.

ही गोष्ट त्या भावाच्या बायकोची. खिमुली तिचं नाव. माझी ती बौजी, आणि बौजीची थट्टा करायचा धाकट्या दिराला आमच्याकडे जन्मसिद्ध हक्क असतो. तो मी आजही सोडलेला नाही, आणि तीही मला अजून ‘लला’च म्हणते, तोंडात चार दात उरले असताना.

ती आली धुऱ्याहून. नदीच्या वाटेनं चढत गेलं की आधी देवदार संपतात, मग बुरांस संपतो, मग तुमचा दम संपतो, आणि तिथे धुरा गाव लागायचं. त्यापुढे गवत आणि बर्फ. वरातीत मी होतो. उतरताना ती डोलीत पेंगत होती, कपाळावरचं कुंकू भुवईपर्यंत ओघळलेलं, आणि दोन्ही हातांनी एक वाळक्या भोपळ्याचा तुंबा पोटाशी धरलेला. तुंब्यात काय, यावर आम्ही वाटभर पैजा मारल्या. कोणी म्हणालं तूप, मी म्हणालो दागिने. घरी पोचल्यावर तिच्या सासूनं, म्हणजे माझ्या आईनं, बूच काढून तळहातावर ओतलं, तर निघालं भांगेचं बी.

“आमच्या गावात भांगेचा दुष्काळ आहे असं कोणी सांगितलं तुझ्या आईला?” सासूनं विचारलं.

नव्या नवरीनं खाली बघायचं असतं. ती खालीच बघत होती, पण बोलली. “ही तुमच्याकडची नाही, सासूज्यू. हिला तेल असतं.”

तिचं खरं होतं. धुऱ्याची भांग कमरेपेक्षा वर जायची नाही. बर्फ वितळलं की पेरायची आणि परत बर्फ पडायच्या आत पिकवायची, तिला उंच व्हायला सवडच नसे. सगळा जीव बियात. ते बी टपोरं, राखाडी, पाठीवर नक्षी, आणि दाताखाली फुटलं की अक्रोडासारखं तेल सुटायचं. हिवाळ्यात धुऱ्याच्या बायका ते गरम पाण्यात वाटून त्याचं पांढरं दूध गाळायच्या आणि अळकुड्यांच्या रश्शात सोडायच्या. चक्कीवर दळणाची वाट बघत बसली की बौजी त्या रश्शाबद्दल आणि आपल्या इजाबद्दल, आईबद्दल, बोलायची, आणि बोलता बोलता तिचे डोळे अर्धे मिटायचे.

“बाहेर बर्फ पडत असतं, लला. त्याला आवाज नसतो. चुलीवर ते दूध वर वर येतं, पांढरं, आणि दारातून बघावं तर बाहेरही तेच वर वर येतंय. इजा म्हणायची, आपण बर्फच शिजवतोय.”

“मग रस्सा थंड लागत असेल.”

“तुझ्यासारख्याला काय कळणार? तू शेणसुद्धा गरम असलं तर खाशील.”

तर ते बी तिनं आमच्याकडे पेरलं. पहिल्या वर्षी चैत्रात, सगळ्यांबरोबर. आमची भांग माणसाच्या डोक्यावर निघाली तेव्हा हिची पोटरीएवढी होऊन फुलूनही गेली. डोंगरातल्या बर्फाची घाई तिच्या अंगात होती, आणि इथे बर्फ तर नव्हतंच. भरपावसात बी धरायला लागली आणि बुरशीनं काळी पडली. सासू म्हणाली, “माहेरच्यासारखीच निघाली. बुटकी आणि घायकुती.” दुसऱ्या वर्षी तिनं उशिरा पेरली. तर आमच्या नर झाडांची पिवळी धूळ उडत आली, पोरीबाळींवर नजर ठेवावी तशी बौजी राखण करत बसली, पण वाऱ्याला कोण अडवणार? पुढच्या खेपेला त्या बियातून लांबलचक, बावळट झाडं आली, आणि बी बारीक. सासू खूश झाली. “बघ, तुझं बियाणंसुद्धा इथलं झालं. तू कधी होणार?”

तरी तेव्हा तिला फिकीर नव्हती. दर चैत्रात तिचा भाऊ बहिणीसाठी भेट घेऊन उतरायचा, पुऱ्या, एखादं कापड, आणि मूठभर धुऱ्याचं बी. मग धुऱ्याची घरं एकेक करून खाली गेली. कोणी शाळेसाठी, कोणी दवाखान्यासाठी, आणि बाकीचे गेलेल्यांच्या आठवणीनं. शेवटी भाऊही बरेलीला गेला. त्या वर्षी बौजी एकटी धुऱ्याला चढून गेली. परत आली तेव्हा कमरेला ओंजळभर बी होतं, पण ते तिनं मला दाखवलं आणि नाल्यात टाकून दिलं. ओस अंगणांतून भांग मातली होती, म्हणाली, पण रानटी. बारीक पानांची, बोट लागताच बी सांडणारी, पाखरांच्या कामाची. पेरणाऱ्याचा हात सुटला की चार पावसाळ्यांत ती अशी होते. आईच्या हातची भांग आता जगात एकाच ठिकाणी होती, बौजीच्या तुंब्यात, तळाशी. आणि भांगेचं बी फार वर्षं थांबत नाही. पेरलं नाही तर झोपतं, आणि मग उठत नाही.

आता हयातसिंहाच्या अंगणाकडे येतो.

आमच्या गावाची एक बाजू घळीत वळलेली आहे. तिथे ऊन उशिरा येतं आणि लवकर निघून जातं, दव आधी तिथे पांढरं पडतं, आणि त्या घरातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या खोकत आली आहेत. ते घर हयातचं. त्याच्या बापाचं पदमबूबूशी एका अक्रोडाच्या झाडावरून भांडण होतं. पदमबूबू हयातच्या आजोबांचा धाकटा भाऊ, म्हणजे त्याचा बूबू, आजोबाच, आणि गावात सगळ्यांत म्हातारा. बाप गेल्यावर हयातनं घराला कुलूप लावलं आणि हल्द्वानीला ट्रक चालवायला निघाला, तेव्हा पदमबूबू कठड्यावर उभा राहून म्हणाला, “जा. तुझी चूल विझेल आणि अंगणात भांग उगवेल.”

आमच्याकडे याहून मोठा शाप नाही. शेतात भांग उगवली तर पीक, पण दाराशी उगवली तर घर संपलं.

आणि काही वर्षांत हयातच्या अंगणात भांग उगवली. टपोरी, कमरेएवढी, शेंड्याला बियांनी वाकलेली. गाव हबकलं. बायका त्या वाटेनं जाईनात, शेळ्यासुद्धा तिकडून हाकलून आणायच्या. पदमबूबूचा भाव असा वाढला, की ज्याला दोन वर्षं कोणी रामराम घालत नव्हतं, त्याच्याकडे सकाळी पहिल्या धारेचं दूध जायला लागलं. त्यानं खाली जाणाऱ्या प्रत्येकाबरोबर हयातला निरोप धाडला, उगवली म्हणून सांगा.

भांग कोणी लावली ते तुम्ही ओळखलंच असेल. मीही ओळखलं होतं. दुपारी चक्की रिकामी असली की मी घळीच्या वरच्या दगडावर पडून राहायचो, आणि खाली त्या हिरव्या सावलीत बौजीचा लाल पदर हळूहळू सरकताना दिसायचा. तिला सापडली होती तशी जागा. थंड, घळीआड, नदीकाठच्या धुळीपासून लांब, आणि अंगणाच्या कडेला गोठ्याचं जुनं मुरलेलं शेण. ज्येष्ठात टाकली की पाऊस सरल्यावरच फुलायची. तिथे बसली की तिला घरी परतायची शुद्ध नसायची. ओल्या पानांचा जड वास, पाण्याचा लांबून येणारा आवाज, आणि ती एकेका झाडाशी काहीतरी बोलत असायची. मी कधी विचारलं नाही. थट्टेलाही जागा लागते, आणि तिथे ती नव्हती.

सासू गेली, खडकसिंह गेला. हिवाळ्यात बौजीच्या चुलीवर पांढरा रस्सा शिजायचा आणि मला एक वाडगा मिळायचा, कुठल्या बियाचा हे दोघांनीही न बोलता.

मग एका पितृपक्षात हयात आला. बापाचं श्राद्ध बापाच्या दारात करायला. त्याची दाढी पांढरी झाली होती, मनगटावर देवळांतल्या रंगीबेरंगी दोऱ्यांचा गठ्ठा. अंगणाच्या तोंडाशी येऊन त्यानं ती भांग पाहिली आणि आत पाऊल टाकलं नाही. वळून माझ्याकडे आला नि माझ्याच ओसरीवर झोपला. दुसऱ्या दिवशी सकाळी पदमबूबूला खाटेसकट उचलून अंगणात आणलं, शब्द परत घ्यायला.

“परत घ्यायला तो काय शेजाऱ्याला दिलेला तांब्या आहे?” पदमबूबू म्हणाला. “आणि अक्रोडाचं काय?”

“बूबू, अक्रोड कधीच वाळून पडला.”

“पडला. पण कोणाचा पडला?”

हयातनं डोळे मिटले. “तुमचा.”

“हं. मग उपट सगळी. मुळासकट उपटून नदीत सोड. मी वर पाणी शिंपडतो. उद्या बापाला पिंड दे.”

हयातनं बाह्या सरसावल्या. बी अजून हिरवं होतं, पिकायला वेळ होता. मी मान वळवली, तर बौजी वाटेनं येत होती. आली, पदर नाकापर्यंत ओढला, आणि पदमबूबूकडे पाठ करून कठड्याला टेकली. चुलत का होईना, तो सासरा. सुनेनं सासऱ्याशी थेट बोलायचं नसतं, मग दोघांचंही वय काही असो. मधे जीभ म्हणून कोणीतरी लागतं. ती माझी.

“लला, सौरज्यूंना सांग, ही भांग त्यांच्या शब्दानं आलेली नाही. मी पेरलीय.”

ऐकलं सगळ्यांनीच. तरी पदमबूबूनं माझ्याकडे पाहिलं. “काय म्हणते?”

“म्हणते, तिनं पेरलीय.”

“तिला म्हणावं, स्वप्न पडलं असेल. भांगेच्या वाऱ्यानं पडतात.”

“त्यांना सांग, शाप कधी विरळणी करतो का? हातभर अंतर सोडून एकेक झाड उभं आहे. डोळ्यांना दिसत असेल तर बघा म्हणावं.”

मी ‘डोळ्यांना दिसत असेल’ हे जरा मोठ्यानं सांगितलं.

“आणि नर झाडं कुठे गेली ते विचार. एक तरी दाखवा म्हणावं. धूळ झडली की दरवर्षी मी ती उपटते, आणि तुझा भाऊ होता तोवर त्यांची दावी वळायचा. त्यातलं एक अजून सौरज्यूंच्या गाईच्या गळ्यात आहे.”

पदमबूबूला हे लागलं. पण तो मुरलेला गडी. “तिला सांग, पेरायची बुद्धी तिला माझ्या शब्दानंच दिली.”

“मग खुरपायला का नाही आले, विचार.”

लोक हसले. हयात हसला नाही. तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला. पुतण्याशी ती थेट बोलू शकत होती, तिनं पदर वर केला.

“काखी, केव्हापासून?”

“तुझं कुलूप गंजायच्या आधीपासून.”

“गाव याला शाप म्हणत होतं, ठाऊक होतं तुला?”

“होतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“शापाच्या अंगणात शेळ्या शिरत नाहीत.”

माझ्या ओठावर एक थट्टा आलेली होती, ती मी गिळली. हयातनं मनगट पुढे केलं. “हे बघ. हा जागेश्वरचा. हा पूर्णागिरीचा. ट्रक दरीत गेला तेव्हा हा. बायको आजारी पडली तेव्हा हे दोन. पोरगं घरातून निघून गेलं तेव्हा मी म्हटलं, जाणारच, अंगणात भांग आहे.” तो वाकला आणि पुढचं, सगळ्यांत भरलेलं झाड त्यानं मुळासकट उपटलं. माती त्याच्या पायांवर पडली. हिरव्या कोवळ्या बियांचा वास सुटला.

बौजी जागची हलली नाही. “तुझं अंगण आहे. उपट. मी रडणार नाही आणि शिव्याही देणार नाही. तू आला नसतास तर बोललेही नसते. आज बोलले तेही तुझ्या दोऱ्यांसाठी नाही, बियासाठी. धुऱ्याचं एवढंच उरलंय. पण तुझं जे झालं ते ट्रकमुळे झालं आणि आजारामुळे झालं. या झाडांनी तुला काही केलं नाही. केलं ते मी, गप्प राहून.”

हयातनं दुसऱ्या झाडाला हात घातला आणि तसाच राहिला. मग उंबऱ्यावर बसला, उपटलेलं झाड मांडीवर घेऊन. घळीत ऊन उतरत होतं, एकेका शेंड्यावर थांबत थांबत.

“अजून किती हवंय याला?” त्यानं विचारलं.

तिनं त्याच्या मांडीवरच्या झाडाचं एक बी काढून बोटांत चिरडलं. पांढरा ठिपका निघाला. “अजून दूध आहे. दव पांढरं पडायला लागलं की कडक होईल.”

“आणि उद्या? भांगेत पिंड ठेवू?”

“चूल पेटव. ज्या घरातून धूर निघतो त्याच्या दाराशी असतं ते पीक.”

“हे कुठल्या पोथीत लिहिलंय म्हणावं,” पदमबूबू खाटेवरून म्हणाला.

“लला, सांग त्यांना, त्यांचंच बोलणं आहे. आधी चूल विझेल म्हणाले होते, मग भांग. पेटल्या चुलीला त्यांचा शब्द लागत नाही.”

पदमबूबूनं विचार केला. नाही म्हणावं तर स्वतःचंच बोलणं खोटं पडत होतं. “तसं शब्दात आहे खरं,” तो म्हणाला, आणि खाट उचलायला सांगितलं.

कुलूप दगडानंच फोडावं लागलं. त्या संध्याकाळी घळीतून धूर निघाला, निळा, आळसावलेला, भांगेच्या शेंड्यांत गुंतून तिथेच घुटमळणारा.

दुसऱ्या दिवशी श्राद्धाच्या स्वयंपाकाला बौजी तुंबा घेऊन आली. गेल्या वर्षीचं बी त्यात होतं, राखून ठेवलेलं. उभं पीक गेलं असतं तरी तेवढ्यावर तिला पुन्हा सुरुवात करता आली असती. मी तिच्याकडे बघितलं. तिनं तुंबा पाट्यावर पालथा केला, शेवटचा दाणा झटकला, आणि वाटायला बसली.

“बौजी, सगळंच?”

“त्याच्या बापाला रस्सा आवडायचा. मागच्या दारानं येऊन जेवून जायचा, तुझ्या भावाला ठाऊक होतं.” मग माझ्याकडे न बघता, “तुला नव्हतं, याचंच मला नवल वाटतं.”

मला खरंच नव्हतं. अजून ते लागून राहिलंय.

पिंड उंबऱ्यापाशी ठेवले, कावळे आले, भांगेवर बसून वाट बघत राहिले. पंगतीत पदमबूबूनं वाडगा पुढे केला आणि माझ्या कानात म्हणाला, “तिला सांग, मीठ कमी आहे. आणि अजून वाढ म्हणावं.”

आता सगळं त्या उभ्या झाडांवर होतं. धूर थांबला तर ती परत शाप होणार, म्हणून हयात थांबला. परतायचं आज म्हणायचा, उद्या म्हणायचा. घर निघालं गळकं, त्यानं छपराचे दगडी पाथर सारखे केले. दुपारी तो आणि बौजी अंगणात बसलेले असायचे, ती बियांच्या गोष्टी सांगायची, तो रस्त्यांच्या. दोघंही एकमेकांचं ऐकत नसावीत, पण ऐकू मात्र येत असावं. बी भरलं तशी पाखरं आली, ढगच्या ढग, पिवळ्या पोटाची. दरीतून ट्रक काढणारा हयात काठीला फडकं बांधून त्यांच्यामागे धावायचा आणि तोंडानं हॉर्न वाजवायचा. एरवी माझ्या चक्कीवर पेंगणारे सगळे ते बघायला घळीच्या कठड्यावर जाऊन बसले.

एका सकाळी दव पांढरं पडलं. बौजीनं एक बी दातांत धरलं आणि आम्हाला हाक मारली. झाडं कापून फरशीच्या पाथरांवर आपटली तेव्हा बी पावसाच्या सरीसारखं टणटणत अंगणभर पळालं, आणि ती हयातच्या उंबऱ्यापासून कठड्यापर्यंत गुडघ्यांवर सरकत एकेक गोळा करत राहिली. तिच्या तोंडावर धुऱ्याचं काहीतरी आलं होतं. ते शब्दात पकडता येत नाही, आणि माझ्यासारख्याला येत नाही म्हणजे बघा. तुंबा भरून वर एक सूप भरलं.

निघताना हयातनं किल्ली तिच्या हातात दिली. “पेरायच्या दिवशी आधी चूल पेटवत जा, काखी.” मग सुपातलं चिमूटभर बी उचलून खिशात टाकलं.

“हल्द्वानीच्या उकाड्यात?” बौजी म्हणाली. “घोट्याएवढी होईल आणि फुलून मरेल.”

“मरू दे. डब्यात लावीन, खिडकीत. कोणी विचारलं तर सांगीन, माझ्या दारात भांग आहे, मीच लावलीय.”

तो वळणाआड गेला तरी बौजी तिथेच उभी होती. मग आत जाऊन तिनं त्याच्या चुलीतला निखारा राखेनं झाकला, विझू नये म्हणून, आणि भांगेच्या पेंढ्या भिजत घालायला नदीवर न्यायच्या म्हणून मला हाक मारली.